स्क्वॉड्रन लीडर अज्जमाड देवय्या

बेंगळुरू नगरीचे विमानविद्येशी असलेले नाते मराठी वाचकाला परके नाही. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली येथेच हिंदुस्थान एअरक्राफ्टचा पाया घातला. ज्या कर्नाटकाने या विद्येला आश्रय दिला, त्याच कर्नाटकाच्या कोडगू प्रांताने देशाला एक असामान्य वैमानिक दिला. त्याचे नाव अज्जमाड बोपय्या देवय्या. आपल्याकडे आडनाव शेवटी येते. कोडवांमध्ये घराण्याचे नाव आधी उच्चारले जाते. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या यांच्या या डोंगराळ भूमीत सैनिकी पेशा घरोघरी मानाचा आहे.

२४ डिसेंबर १९३२ रोजी जन्मलेले देवय्या १९५४ साली हवाई दलात दाखल झाले. पुढे ते उड्डाण-प्रशिक्षक झाले. नवोदितांना आकाशाची अक्षरओळख करून देणे हे त्यांचे काम होते. १९६५ चे युद्ध पेटले तेव्हा ते आदमपूर येथील पहिल्या स्क्वॉड्रनमध्ये होते.

६ सप्टेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या तळांवर चाल केली. प्रत्युत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्या नेतृत्वाखाली मिस्टेअर विमाने सरगोधा या पाकिस्तानच्या प्रमुख हवाई तळाकडे झेपावली. देवय्यांचे विमान राखीव होते. कोणाचे विमान मागे राहिले, तरच त्यांनी पुढे जायचे होते. तशी वेळ आली आणि ते हल्ल्यात सामील झाले.

परतीच्या वाटेवर एका स्टारफायटर विमानाने त्यांना गाठले. ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारे विमान होते. मिस्टेअर त्याच्यापुढे वेगाने फारच उणे. इंधनही दूरच्या पल्ल्यासाठी मोजूनमापून भरलेले. शत्रूच्या माऱ्याने विमान जायबंदी झाल्यावर निसटण्याचा प्रयत्न करणे हीच सामान्य रीत ठरली असती. देवय्या मात्र उलटे वळले, झुंजले आणि त्यांनी स्टारफायटरवर अचूक गोळीबार केला. ते विमान कोसळले. त्याचे वैमानिक अमजद हुसेन हवाई छत्रीच्या साहाय्याने बचावले. देवय्या परतले नाहीत. त्यांचे वय तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते.

झुंज पाहणारा एकही सहकारी जवळ नव्हता. त्यामुळे भारतीय दप्तरात त्यांची नोंद केवळ बेपत्ता अशी राहिली. घरच्यांच्या वाट्याला आली ती शोक करावा की वाट पाहावी हे न कळणारी वर्षे. सत्याचा पहिला धागा आला तोही सीमेपलीकडून. १९७९ साली जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथात ही झुंज नोंदवली. पहाटेच्या त्या हल्ल्यातून स्क्वॉड्रनचे एकच विमान परतले नव्हते. तेव्हा तो अनामिक योद्धा कोण, हे उघड झाले. नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि १९८८ साली, म्हणजे तब्बल २३ वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र अर्पण करण्यात आले.

देवय्यांच्या शौर्याची साक्ष अखेर ज्यांच्याशी ते लढले, त्यांनीच दिली. आपल्या पराक्रमाला कोणी साक्षी आहे की नाही, याचा विचार करण्याइतकी सवड त्या पहाटे त्यांना नव्हती. कोणी पाहत नसतानाही कर्तव्यात कसूर न करणे, हा धडा त्या प्रशिक्षकाने मागे ठेवला आहे.