खऱ्या मापाचा कारागीर : डॅनियल फॅरनहाइट

डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट यांचा जन्म २४ मे १६८६ रोजी डान्झिग नगरात झाला. हे नगर आता पोलंड देशात असून त्यास ग्दान्स्क म्हणतात. डॅनियल पंधरा वर्षांचे असता, १४ ऑगस्ट १७०१ रोजी, विषारी अळंबी खाण्यात येऊन त्यांचे आईबाप एकाच दिवशी मरण पावले. पावसाळ्यात आपल्या रानांत सात्या वेचणाऱ्यांस या दुःखाची कल्पना सहज येईल.

पालकांनी त्या पोरक्या मुलास व्यापार शिकण्याकरिता आम्स्टरडॅम येथे धाडले. परंतु त्याचे चित्त उष्णतामापक यंत्रांकडे वेधले. त्या काळी एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी जुळत नसे. मग एका गावच्या रोग्याचा ताप दुसऱ्या गावच्या वैद्यास कळावा कसा? ही उणीव दूर करण्यात फॅरनहाइट यांनी आपले आयुष्य वेचले. ज्या हाल्ले नगरात त्रांकेबारचे मिशनरी त्सिगेनबाल्ग शिकले, तेथील प्राध्यापक वोल्फ यांस त्यांनी दोन यंत्रे दिली. दोहोंचे आकडे एकमेकांशी जुळलेले पाहून त्या विद्वानांनी १७१४ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली. पुढे फॅरनहाइट यांनी नळीत मद्यार्काऐवजी पारा भरला. बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणास ०, नुसत्या बर्फाच्या पाण्यास ३२ व निरोगी देहास ९६ अंश त्यांनी ठरविले. नंतर या मापात सुधारणा होऊन देहाची उष्णता ९८.६ मानली गेली. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद केले. तथापि १६ सप्टेंबर १७३६ रोजी हेग येथे ते वारले, तेव्हा त्यांस गरिबाप्रमाणे पुरण्यात आले.

१७४२ साली स्वीडनचे सेल्सिअस यांनी गोठणबिंदू व उत्कलनबिंदू यांमध्ये १०० अंशांचे माप सुचविले. आज हवामानाची वार्ता याच मापात येते. थर्मामीटर मात्र दोन्ही मापांचे मिळते. म्हणून उपदेशक बंधूंनी हा हिशेब ध्यानी ठेवावा : सेल्सिअसच्या आकड्यास ९ ने गुणावे, ५ ने भागावे व ३२ मिळवावे. ४० ला ९ ने गुणिता ३६०, ५ ने भागिता ७२, व ३२ मिळविता १०४. हिवतापाच्या या प्रदेशात लेकराच्या थर्मामीटरवर ४० दिसल्यास आकडा लहान म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. तेथे आकड्यासोबत मापाचे नावही सांगावे.

खोटी मापे परमेश्वरास अप्रिय आहेत, हे आपण जाणतो. या पोरक्या मुलाने खरे माप घडविले. ते नीट वाचून शेजाऱ्याचा जीव राखणे, हे आपले काम होय.