शनिवारचे २५:३० वाजले! मग वार कुठला?

जपानी टीव्हीच्या वेळापत्रकात शनिवार २५:३० असं दिसलं तर फोन बिघडला असं समजू नका. ते रविवारचे पहाटेचे दीड. जागणाऱ्याचा शनिवार संपलेला नसतो, म्हणून जपानी चॅनेल २४ च्या पुढेही मोजतात. इंग्रजी घड्याळ मात्र मध्यरात्री वार बदलतं. (आपल्या कोल्हापुरात तेव्हा शनिवारचे रात्रीचे दहाच!)

असला घोळ आपल्याकडेही जुना आहे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. रविवारी पहाटे दीडला झालेलं बाळ आजीच्या लेखी शनिवारचं, दाखल्यावर रविवारचं. या दोन पद्धतींची गाठ गणिताने घालून देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित मला आपले पहिले 'कन्व्हर्टर' वाटतात.

जन्म १८५३, दापोलीजवळच्या मुरुडचा. कॉलेजची पदवी नाही. ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी मास्तरकी केली आणि ज्योतिषगणित स्वतःच्या अभ्यासाने पक्कं केलं. आधी कोल्हापुरात असिस्टंट पोलिटिकल एजंट राहिलेले फ्लीटसाहेब पुढे गुप्त राजांचे शिलालेख वाचत होते. त्यातल्या तारखांचं गणित दीक्षितांनी करून दिलं. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असं कोरलंय. हिशेब आला २१ जून ४८४, आणि वारही गुरुवारच. वार जुळला नसता तर गुप्त संवत कधी सुरू झाला हा अंदाजच डळमळला असता. हे सगळं कागदावर, बरं का!

१८९६ मध्ये रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत त्यांचं 'द इंडियन कॅलेंडर' आलं. त्यातल्या कोष्टकांवरून तिथीची इंग्रजी तारीख काढता येते. त्याच वर्षी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा मराठी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, ते गेले. वय अवघं ४४.

आता तुमच्या पंचांग ॲपकडे बघा. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं, मोजायची सूर्योदयापासून. सूर्योदय ६:१२ ला असेल तर १० घटिका म्हणजे १०:१२. फोनचं घड्याळ भारतभर एकच, सूर्य मात्र गावागणिक वेगळा. कोल्हापूरची सूर्यावरची वेळ फोनपेक्षा सुमारे ३३ मिनिटं मागे आहे. म्हणून ॲपमध्ये शहर मुंबई किंवा उज्जैन असेल तर आधी ते बदलून कोल्हापूर करा.