मलिक अंबर : विकला गेला, पण वाकला नाही



आपल्या मुलांकडून राजेमहाराजांची नावे पाठ करून घेतली जातात. बाजारात विकल्या गेलेल्या माणसाचे नाव त्यात क्वचितच येते. अशाच एका माणसाचे चरित्र आज तुम्हाला सांगतो.

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. तिथल्या लोकांना आपल्याकडे हबशी म्हणत. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम झाला आणि मोखा, बगदाद असा एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे विकला गेला. बगदादच्या मालकाने त्याला मुसलमान केले, अंबर हे नाव दिले आणि लिहिणे, वाचणे, हिशेब शिकवला. ध्यानात घ्या, हे धर्मांतर त्याने मागितले नव्हते. नाव बदलले, धर्म बदलला, पण गुलामी तशीच राहिली. विद्या मात्र कायमची त्याची झाली.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य प्रधान चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एके काळी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. चंगीझखान वारल्यावर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. काही वर्षे त्याने विजापूरच्या चाकरीत काढली, मग परत येऊन स्वतःचे घोडदळ उभारले.

१६०० साली अकबराच्या फौजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. अंबरने मात्र परांड्याला राजघराण्यातील मुर्तझाला गादीवर बसवले आणि पुढे पाव शतक मोगलांना दख्खन गिळू दिली नाही. मोगल मुसलमान, निजामशहा मुसलमान आणि अंबरही मुसलमान. त्याच्या फौजेत हबशी होते तसे मराठेही होते. तेव्हा ही लढाई धर्माची नव्हती, राज्याची होती. इतिहासाला धर्मयुद्धाचा एकच रंग फासणाऱ्यांना तुम्ही हे उदाहरण जरूर सांगा.

समोरासमोर मोठी लढाई टाळायची, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, हा त्याचा गनिमी कावा होता. त्यामुळे जहांगीर बादशहा इतका चिडला की आपल्या आत्मचरित्रात त्याने अंबरचा उल्लेख वारंवार त्याच्या काळ्या रंगाला शिवी देऊनच केला. अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्रही त्याने काढून घेतले. रणांगणात जे साधले नाही ते कागदावर करून घेतले! जन्मावरून आणि रंगावरून माणसाला हिणवणारे सगळीकडे सारखेच असतात.

१६२४ साली भातवडीला मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले, तेव्हा अंबरने दोघांचाही पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले.

तो नुसता लढवय्या नव्हता. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने त्याने शहरात आणले. जमिनीची प्रतवारी लावून त्याने सारा ठरवला. ती पद्धत मलिकंबरी म्हणून पुढेही नावाजली गेली. याच शहरात १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढले.

१६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. मोगलांच्या इतिहासकारानेसुद्धा युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती, असे नमूद करून ठेवले.

आता एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या बाजारात अंबर विकला गेला, त्याच बाजारातले हबशी गुलाम त्याने मोठेपणी आपल्या फौजेसाठी विकत घेतले. तो स्वतः वर चढला, पण त्याने शिडी मोडली नाही. सत्ता हाती असूनही गुलामगिरी तशीच राहिली. एक गुलाम सरदार झाला म्हणून गुलामी संपत नाही.

आपले धर्मांतर कोणा मालकाने केलेले नाही. १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी ते स्वतःच्या मर्जीने केले, आणि सर्वांनी एकत्र केले. म्हणून आपली जबाबदारी अंबरपेक्षा मोठी आहे. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या मुलाला अंबरचे शौर्य सांगा आणि त्याची ही उणीवही सांगा. आपल्या मागे वस्तीत कोण राहिले आहे, हे त्याने विसरता कामा नये.