चिमटीत चाक पकडणारा लँचेस्टर

कारचा स्लायडिंग कॅलिपर घरी उघडलात तर पिस्टन, रबरी सील आणि सरकत्या पिना दिसतात. हे सगळं नंतर आलं. पण फिरती चकती दोन्हीकडून चिमटीत धरायची, हे १९०२ मध्येच फ्रेडरिक लँचेस्टरने पेटंट केलं होतं.

जन्म १८६८, लंडन. बर्मिंगहॅममध्ये पठ्ठ्याने स्वतःची कार बनवली. ब्रेकला मात्र घासायला तांबं! धातूवर धातू, म्हणजे कानठळ्या. त्यात धुळीचे रस्ते, तांबं भराभर झिजायचं. माझ्या मते डिझाइन बरोबर होतं, मटेरियल तयार नव्हतं.

म्हातारपणी पैशाची चणचणच. १९४६ मध्ये तो गेला. सातच वर्षांनी डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली.