एका फुप्फुसाचं गाणं

इयर डाउन झालं की आपल्या होस्टेलवरची मुलं मेसमध्येसुद्धा उशिरा यायला लागतात. कोणी काही विचारू नये म्हणून! एक वर्ष गेलं तर ही अवस्था. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची ऐन पंचविशीतली पाच-सहा वर्षं गेली, आणि पुन्हा काम सुरू होईल याची खात्री द्यायला कोणीही तयार नव्हतं. पंडित कुमार गंधर्व.

मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून हा पोरगा त्यांचं गाणं जसंच्या तसं गाऊन दाखवायचा. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्या वयातच मिळाली आणि तेच नाव झालं. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण. देवधर मास्तर एकाच घराण्याला बांधून घेणारे नव्हते, त्यामुळे शिष्यालाही दहा ठिकाणचं ऐकायची मोकळीक. विशीतच कुमारजी स्टार होते म्हणा ना!

१९४७ मध्ये गाणं शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं, आणि त्याच सुमारास क्षयाने गाठलं. आज टीबी म्हटलं की सहा महिने गोळ्या, संपलं. तेव्हा उपचार म्हणजे कोरडी हवा, चांगलं खाणं आणि पडून राहणं. म्हणून १९४८ च्या जानेवारीत मुंबई सोडून माळव्यात, देवासला बिऱ्हाड हललं. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं : गाल तर जीव जाईल. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, आजारपण काढलं. कुमारजींच्या चरित्रात हे दोन ओळींत उरकतात. मला ते बरोबर वाटत नाही. ती नोकरी नसती तर पुढचं काहीच नसतं!

गायचं नाही, पण ऐकायला कोण अडवणार? खाटेवर पडल्या पडल्या पाखरं, वारा, रस्त्याने गात जाणारे फिरस्ते, माळवी बायकांची गाणी... सगळं कानात साठत गेलं. मग स्ट्रेप्टोमायसिन आलं. मातीतल्या एका जिवाणूपासून अमेरिकेत १९४३ मध्ये सापडलेलं हे औषध कुमारजींपर्यंत पोचायला १९५२ उजाडलं. ते लागू पडलं आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले.

आता जरा टेक्निकल. एक फुप्फुस कायमचं निकामी झालं होतं. म्हणजे दोन पंपांच्या सिस्टीममधला एक बंद, पण लोड तोच. लांबलचक ताना आणि एका श्वासात संपूर्ण आवर्तन भरणं आता परवडणारं नव्हतं. त्यांनी श्वासाप्रमाणे गाणंच नव्याने बांधलं : छोटे छोटे स्वरसमूह, एकदम वर झेपावणारा सूर, आणि मध्ये सोडलेली शांतता. जुने रसिक कुरकुरले. ही कुठली गायकी, विलंबित कुठे गेलं, घराणं कुठलं? वर्षानुवर्षं हे चाललं.

पण सगळं श्रेय त्या फुप्फुसाला देऊन टाकणारेही बरेच भेटतात. ते मला पटत नाही. श्वास कमी पडला म्हणून तुकडे लहान झाले, हे ठीक. नवे राग कशाने सुचले? बरं झाल्यावर त्यांनी माळव्याची लोकगीतं गोळा केली. चार-पाच स्वरांत फिरणारी ही गाणी. राग हे अशाच धुनांतून जन्माला आले, असं त्यांचं मत होतं. मग एखादी धून घ्यायची, तिचे स्वर एकमेकांशी कसे जोडलेत ते पाहायचं आणि त्यातला दडलेला राग बाहेर काढायचा. आपल्या भाषेत रिव्हर्स इंजिनिअरिंग! मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी हे ‘धुनउगम’ राग असे आले. आजारपण आलं नसतं तर हा मुंबईतला स्टार देवासच्या रस्त्यावरचं गाणं इतका वेळ ऐकत बसला असता का, कोण जाणे.

मी काही जाणकार नाही, राग ओळखायला सांगितलात तर पळून जाईन. पण रात्री दोन वाजता सबमिशनच्या शीट्स काढताना त्यांची निर्गुणी भजनं लावून बघा. दोन ओळींच्या मधली ती शांतता ऐका.

त्यांच्या बंदिशी आणि नव्या रागांचं पुस्तक ‘अनूपरागविलास’ १९६५ ला निघालं. भानुमतीबाई ते बघायला नव्हत्या. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणात त्या गेल्या. पुढच्या वर्षी वसुंधराताईंशी लग्न झालं आणि मैफलीत त्यांची साथ मिळाली. सन्मान आले, १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. मुंबईला परत राहायला मात्र कुमारजी गेले नाहीत. १२ जानेवारी १९९२ ला त्यांनी देवासलाच देह ठेवला.