आफ्रिकेतल्या रानफुलांना नावं देणारा थुनबर्ग आयरिस ओळखताना चुकला, पण पुरावा जपून गेला

नर्सरीत गेलात की निळ्या फुलांची एक वेल हमखास दिसते, थनबर्जिया. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो माणूस म्हणजे स्वीडनचा कार्ल पीटर थुनबर्ग. दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतीशास्त्राचा जनक अशी त्याची ओळख. पण याच आफ्रिकेतल्या काही रानफुलांनी त्याला असा चकवा दिला की ती चूक पुढच्या पिढ्यांना निस्तरावी लागली.

थुनबर्गचा जन्म १७४३ चा, स्वीडनमधल्या योनशॉपिंगचा. उप्सालाच्या विद्यापीठात तो डॉक्टरकी शिकायला गेला आणि तिथं त्याला गुरू भेटला कार्ल लिनियस. जगातल्या प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं लॅटिन नाव देण्याची पद्धत रुजवणारा हाच तो लिनियस.

थुनबर्गला जायचं होतं जपानला. पण त्या काळात जपान युरोपियनांपैकी फक्त डचांनाच येऊ द्यायचा. मग तोड निघाली. डच ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून भरती व्हायचं, आधी आफ्रिकेच्या टोकाला केपला राहून डच भाषा पक्की करायची आणि मग डच म्हणूनच जपानला उतरायचं.

एप्रिल १७७२ मध्ये तो केपला पोहोचला. भाषा शिकायला आलेला गडी तिथली फुलं पाहून पार रमला. तीन वर्षांत त्यानं आतल्या मुलखात तीन मोठ्या मोहिमा काढल्या. पहिल्याच मोहिमेत रानरेड्यानं हल्ला केला. त्यात दोन घोडे मेले आणि थुनबर्ग झाडावर चढला म्हणून वाचला. पुढच्या दोन मोहिमांत लंडनच्या क्यू बागेनं पाठवलेला फ्रान्सिस मॅसन सोबतीला होता. केप सोडेपर्यंत थुनबर्गकडे तीन हजारांहून जास्त प्रकारच्या वनस्पती जमल्या होत्या.

त्यात मोठा भरणा होता आयरिस कुळाच्या फुलांचा.

आयरिस कूळ म्हणजे कुठलं? तर बुकेमध्ये दिसणारा ग्लॅडिओलस याच कुळातला, आणि केशरसुद्धा. हे कूळ ओळखायची खूण सोपी आहे. लिलीच्या फुलात सहा पुंकेसर असतात, आयरिस कुळात तीन. लिनियसची पद्धतच पुंकेसर मोजायची होती. त्यामुळं तीन पुंकेसर दिसले की पहिली पायरी पार व्हायची.

खरी पंचाईत त्यापुढं होती. या कुळातलं हे फूल नेमकं कुठल्या गटातलं?

तेव्हाचा हिशोब साधारण असा होता. सहाही पाकळ्या सारख्या आणि फूल चांदणीसारखं उघडलेलं असेल तर इक्सिया. फूल एका बाजूला कललेलं असेल तर ग्लॅडिओलस. तीन पाकळ्या बाहेर झुकलेल्या आणि मधल्या स्त्रीकेसराच्या फांद्याही पाकळ्यांसारख्या पसरट असतील तर आयरिस. त्यातच मोरेया नावाचा आणखी एक गट होता. त्याच्या नावाचं स्पेलिंग लिनियसनं आपल्या सासऱ्याच्या, म्हणजे योहान मोरेअसच्या नावाशी जुळवून घेतलं होतं.

ही फुलं नाजूक. कागदात दाबून वाळवली की रंग उडतो, आकार जातो. युरोपात बसून वाळकी फुलं पाहणाऱ्यांपेक्षा थुनबर्गची बाजू भक्कम होती, कारण त्यानं ती माळावर जिवंत पाहिली होती.

१७७५ मध्ये तो केपहून निघाला. बटाविया, जपान, सिलोन असं फिरून १७७९ मध्ये स्वीडनला परतला. तोवर लिनियस वारला होता. गुरूला आपली फुलं दाखवायचं राहूनच गेलं. १७८४ मध्ये त्याच विद्यापीठात थुनबर्ग गुरूच्या जागी प्राध्यापक झाला. याच दशकात त्यानं या कुळावर एकामागून एक प्रबंध काढले. १७८२ ला आयरिस, १७८३ ला इक्सिया, १७८४ ला ग्लॅडिओलस आणि १७८७ ला मोरेया.

गडबड झाली ती आयरिसमध्ये.

केपला एक जांभळट फूल सापडतं. त्याच्या आतल्या तीन पाकळ्या आक्रसून अगदी बारीक झालेल्या असतात, म्हणून ते तीनच पाकळ्यांचं वाटतं. त्याचं नाव पडलं आयरिस ट्रायपेटाला. फुलाचा घाट थेट आयरिसचा, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं.

पण उत्तर मातीखाली होतं. आयरिसचं जमिनीतलं खोड एकतर आल्यासारखं आडवं वाढतं, नाहीतर कांद्यासारखं पापुद्र्यांचं असतं. केपच्या या फुलांखाली मात्र घनकंद असतो, सुरणासारखा आतून भरीव. पानही वेगळं. आयरिसचं पान सहसा तलवारीसारखं चपटं, तर यांचं पन्हाळीसारखं खोलगट. म्हणजे फूल आयरिससारखं, पण झाड वेगळ्याच घराण्यातलं.

१९ व्या शतकाच्या सुरुवातीला जॉन केर गॉलर या इंग्रज अभ्यासकानं हे फूल मोरेया गटात हलवलं. पुढच्या संशोधकांनी कंद आणि पानं तपासून मोरेयाची हद्द पक्की केली आणि डीएनएच्या अभ्यासानंही तेच सांगितलं. खरे आयरिस रानात उगवतात ते उत्तर गोलार्धात. दक्षिण आफ्रिकेच्या रानात मूळचा आयरिस एकही नाही.

मग थुनबर्गची मेहनत वाया गेली का? तर नाही.

१८२८ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी तो वारला, पण त्याआधी त्यानं आपला सगळा संग्रह उप्साला विद्यापीठाला दिला होता. वाळवलेल्या झाडांचे सुमारे २७ हजार कागद आजही तिथं आहेत. केपच्या एखाद्या फुलाच्या नावाबद्दल वाद झाला की अभ्यासक हेच कागद काढून बघतात. जुन्या पुस्तकात ते नाव नेमक्या कुठल्या झाडाला दिलं होतं, हे त्यावरून ठरतं. गटाचं नाव बदललं तरी झाड तेच राहतं. थुनबर्गची चूक दुरुस्त करता आली, ती त्यानं सांभाळून ठेवलेल्या या कागदांमुळंच.