मायबाप रसिकांचा ऋणाईत

बालगंधर्व या नावाने मराठी मनावर राज्य करणारे नारायण श्रीपाद राजहंस यांचे उभे आयुष्य एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाकडे जाण्यात सरले. २६ जून १८८८ रोजी पुण्यात जन्मलेले नारायणराव १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. मिरजेच्या मुक्कामी शकुंतलेच्या भूमिकेत ते रंगभूमीवर उभे राहिले आणि तेव्हापासून कंपनीचे बिऱ्हाड हेच त्यांचे घर झाले.

रसिकांना ते मायबाप म्हणत. हे संबोधन त्यांच्यासाठी उपचारापुरते नव्हते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी दगावली. प्रयोग पुढे ढकलावा, असा विचार सहकाऱ्यांच्या मनात आला. परंतु आलेला प्रेक्षक विन्मुख परतू नये म्हणून दुःख गिळून नारायणराव भामिनी होऊन रंगमंचावर आले.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांतच हे दोघे बाहेर पडले आणि कंपनीचा सारा भार नारायणरावांवर आला. पुणे, मुंबई, बडोदे, नागपूर, बेळगाव अशा मुक्कामांवर कंपनी जाई, तेव्हा नटांसोबत पडदे, पेटारे, वाद्ये, आचारी असा मोठा लवाजमा असे. रात्री सुरू झालेला खेळ 'वन्समोअर'च्या आग्रहाने पहाटेपर्यंत लांबे. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात त्यांचा गोड, धारदार स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे. 'स्वयंवर'च्या पदांना भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष असे तोलामोलाचे साथीदार मंडळीत होते.

प्रेक्षकाला द्यायचे ते अस्सलच, हा त्यांचा हट्ट होता. भरजरी वस्त्रे, उंची अत्तरे, खरेखुरे गालिचे यांवर पैसा पाण्यासारखा वाहिला. मात्र 'एकच प्याला'तील सिंधूसाठी तेच नारायणराव जीर्ण लुगडे नेसून उभे राहात. व्यवहाराकडे पाठ आणि खर्चाचा हात सैल, यामुळे १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात बुडाली. चाहते निधी जमवून कर्ज फेडण्यास तयार होते. सेवेवाचून पैसा घेणे नारायणरावांना मान्य झाले नाही. त्यांनी दौरे वाढवले, प्रयोगामागून प्रयोग केले आणि तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाच्या बळावर काही वर्षांत ते कर्ज उतरवले. स्वतःच्या डोक्यावर देणेकऱ्यांचा तगादा असतानाच ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी संयुक्त 'मानापमान' केले होते.

बोलपट आले आणि नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त नारायणरावांनी संत एकनाथांची भूमिका केली. कॅमेऱ्यापुढे समोर श्रोता नसे, दाद मिळत नसे. तेथे त्यांचा जीव रमला नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. तिसाव्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. जुन्या स्नेह्यांपैकी अनेक दुरावले. गोहरबाईंनी मात्र अखेरपर्यंत साथ दिली.

वय उतरले, देह थकला, पुढे पायही निकामी झाले. पूर्वीचे वैभव गेले होते. गाण्याची ओढ उरली होती. बसल्या जागी ते भजने गात. तरुणपणी त्यांची रुक्मिणी पाहिलेले श्रोते त्या थकल्या स्वरातही जुन्या खुणा शोधत आणि त्या सापडल्या की डोळे टिपत. त्या काळातही श्रोत्यांपुढे ते हात जोडूनच बसत. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. त्याच १९६४ मध्ये गोहरबाईंचे निधन झाले.

१५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला. ऐश्वर्य आले तसे गेले आणि अखेरीस गाठीला काही राहिले नाही. पुणे महापालिकेच्या नव्या नाट्यगृहाचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले होते. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते 'बालगंधर्व रंगमंदिर' या नावाने मायबाप प्रेक्षकांसाठी खुले झाले.